डोळे नसलेला गरुड

मी एक जुना सागवानी गरुड. या मित्रांनो, बसा. पण जरा आवाज करत बसा. मला डोळे नाहीत, त्यामुळे कोण आलं, कुठे बसलं, हे मला कानांनीच कळतं. आणि उडणारा गरुड नव्हे हो मी. इंग्रजांच्या प्रार्थनामंदिरात पसरलेल्या पंखांवर जाडजूड बायबल पेलून उभं राहायचं, एवढंच माझं काम.

नंदुरबारला आगगाडी नवीनच आली होती, तेव्हाची गोष्ट. गाडीबरोबर गोरे साहेब आले आणि साहेबांबरोबर स्टेशनामागच्या माळावर त्यांचं चॅपल आलं. अँग्लिकन पंथाचं, लहानसं, काळ्या दगडाचं. छप्पर उभंच्या उभं उतरतं. विलायतेत बर्फ पडतं, ते घसरून जावं म्हणून तसं बांधतात म्हणे. आता आमच्याकडे बर्फ कुठलं पडायला! पण नकाशाच तिकडून आलेला, त्याला कोण हात लावणार? टोकदार कमानी, दारापाशी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड, वेताने विणलेले बाक, पूर्वेच्या भिंतीत रंगीत काचांची खिडकी. हे सारं मी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. खिडकीची मात्र माझी स्वतःची ओळख होती. सकाळचं ऊन तिच्यातून आत आलं की माझी पाठ तापायची.

मला घडवलं हबीब मिस्त्रींनी. सगळे त्यांना चाचा म्हणायचे. नवापूरच्या जंगलातला साग आणला, साहेबांनी दिलेलं चित्र भिंतीला टांगलं आणि चाचा कामाला लागले. पिसान् पीस कोरलं. बाकदार चोच काढली, नख्या काढल्या. डोळ्यांपाशी आले आणि त्यांनी पटाशी खाली ठेवली.

साहेब बघायला आले. म्हणाले, "मिस्त्री, इसका आँख किधर है?"

"आँख नही बनाऊंगा, साहेब," चाचा म्हणाले. मग शेजारच्या मुकादमाकडे वळून आपल्या बोलीत म्हणाले, "डोया दिधा का जीव उना. जीव देनारा वर शे. मी लाकूडनं काम करस."

डोळे दिले की जीव आला, आणि तसा जीव देणं हे माणसाचं काम नव्हे, अशी त्यांची श्रद्धा होती. साहेब रागावले, पाय आपटले, पण चाचा हटले नाहीत. शेवटी मला तसंच नेऊन उभं केलं. खरं सांगू? मला चाचांचा फार राग आला होता. पंख दिले, चोच दिली, मग डोळ्यांचीच चिक्कूगिरी कशाला?

पण दिवस बरे होते. रविवारी घंटा व्हायची, बाक करकरायचे, पेटी वाजायची. सुरतेकडून पाद्रीबाबा गाडीने यायचे आणि माझ्या पंखांवरचं पुस्तक उघडून वाचायचे. त्यांचा आवाज छपरात घुमून परत माझ्याच पाठीवर उतरायचा. मडमा माझ्या पिसांवरून बोटं फिरवून वाहवा करायच्या. जवसाचं तेल लावून मला चकचकीत ठेवायचे. वर कापडी झालरीचा लांब पंखा हलायचा. त्याची दोरी भिंतीच्या भोकातून बाहेर गेलेली, आणि बाहेर ओट्यावर बसून ती ओढायचा दलसिंग. सातपुड्यातल्या पाड्यावरचा माणूस. आत कधी आला नाही. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे तो. दोरी कुरकुरली की मी म्हणायचो, आहे बाबा, कोणीतरी आहे.

रविवार मात्र आठवड्यात एकच. बाकीचे दिवस कुलूप. आणि पुढे रविवारही जाऊ लागले. साहेबांच्या बदल्या झाल्या, लढाई सुरू झाली, पाद्रीबाबा येईनासे झाले. खिडकीची एक काच फुटली. कबुतरं आत आली. माझ्या पंखांवर धूळ साचली आणि ती झटकायला कुणाचा हात आला नाही. एकटेपण काय असतं, ते मला विचारा मित्रांनो. मी तर आपला प्रत्येक गाडीच्या शिट्टीला कान द्यायचो.

एके दुपारी दार कुरकुरलं. अनवाणी पावलं आत आली. भिंतीपलीकडून ऐकलेला तोच खोकला. दलसिंग! इतकी वर्षं दोरी ओढून पहिल्यांदाच तो आत पाऊल टाकत होता. छपराकडे तोंड करून म्हणाला, "मी हालाडू तो हाऊ व्हय का!" आपण हलवत होतो तो पंखा त्याने त्या दिवशी पाहिला. मग जुन्या ओळखीच्या माणसासारखी माझ्या पाठीवर थाप मारली आणि गेला. पुन्हा कधी आला नाही.

मग इंग्रजच गेले. घंटा, पेटी, दगडी कुंड, पितळी समया, सगळं कुठल्याशा मोठ्या चर्चमध्ये हलवलं. माझ्यापाशी येऊन कुणीतरी म्हणालं, "हा अर्धवटच राहिलाय. असू दे." मी मागे राहिलो. वाईट वाटलं. का वाटू नये?

उरलेलं लाकूड गावातल्या फुलचंद शेठनी उचललं. त्यांना दुकानात फळ्या मारायच्या होत्या. बाकांबरोबर मलाही बैलगाडीत आडवं घातलं आणि त्यांच्या अंगणात उतरवलं. कापायला बोलावलं कुणाला? हबीब मिस्त्रींना. म्हातारे झाले होते, काठी टेकत आले. माझ्या चोचीवर हात पडला आणि जागच्या जागी थबकले.

फुलचंद शेठही घुटमळत होते. जैन माणूस, मुंगीला जपून पाऊल टाकणारा. ते म्हणाले, "चाचा, एक सांगा. हाई पाखरू शे का नुसतं लाकूड? पाखरू व्हई तं मी करवत चालू देवाव नही. आमना धरममां पीठनं बनाडेल कोंबडं कापानं बी पाप शे."

माझा जीव टांगणीला लागला. म्हणा ना चाचा, पाखरू म्हणा! एक शब्द, की मी वाचलो. पण तो शब्द उच्चारला तर आपण जीव घडवला असं कबूल केल्यासारखं होणार. साहेबापुढे जे बोलले, जन्मभर जे पाळलं, ते सगळं मोडणार. आणि लाकूड म्हणाले तर करवत.

चाचांनी काठी भिंतीला टेकवून ठेवली.

"लाकूड शे, शेठ," ते म्हणाले. "मीच बनाडं. लाकूडच शे."

करवत उचलल्याचा आवाज झाला. मी तयार झालो. पण चाचांचा दुसरा हात माझ्या मानेवरून निघेना. जिथे डोळा हवा होता तिथे त्यांचा अंगठा गोल गोल फिरत राहिला.

ओट्यावर शेठच्या आई, हुलासबाई, धान्य निवडत बसल्या होत्या. त्यांच्या सुपाचा आवाज थांबला.

"मिस्त्री, लाकूड शे ना? मंग मानवरथून हात कसाले फिरी ऱ्हायना?"

"सवय शे, माय," चाचा म्हणाले.

हुलासबाई उठून जवळ आल्या. "फुलचंद, मिस्त्री खरं बोलना. लाकूडच शे," त्या म्हणाल्या. "पन हाई लाकूड कापानं नही."

तेव्हापासून मी या अंगणाच्या कोपऱ्यात उभा आहे. हुलासबाई रोज माझ्या पंखांवर मूठभर ज्वारी टाकतात आणि चिमण्या येऊन टिपतात. बायबल पेललं, आता दाणे पेलतो. चाचा बरीच वर्षं दर शुक्रवारी नमाजानंतर यायचे, तेवढा अंगठा फिरवून जायचे. मग यायचे थांबले. का थांबले, मला कुणी सांगितलं नाही. चिमण्यांची गजबज असते हो, पण त्या गजबजीतून मी अजून काठीचा ठक ठक आवाज शोधत असतो.

मित्रांनो, जुनी वस्तू मोडायला काढाल ना, तेव्हा आधी तिच्यावरून एकदा हात फिरवा. हात निघेनासा झाला तर करवत ठेवून द्या. आणि आलाच आहात तर या, माझ्या मानेवर हात ठेवा. चोचीच्या थोडं वर एक गुळगुळीत खळगा लागेल. तो पटाशीने केलेला नाही. तो चाचांच्या अंगठ्याने पडला आहे.