कोमलची बातमी खरी आहे

मी भित्तिपत्रकाचा फळा बोलतोय. सेनगाव तालुक्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात टांगलेला. बोलतोय कसला, ओरडतोय. ऐकतंय कोण?

जुन्या कपाटाचं दार घेऊन, वर हिरवं कापड ठोकून मला केलं. चार वर्षं अंगावर नुसती सुट्ट्यांची यादी. मग मराठीच्या सीमा मॅडम आल्या. म्हणाल्या, "धडा पाठ करू नका, त्याची बातमी करा. गाव आपलं घाला, माणसं आपली घाला." पोरं पेटलीच. कवितेतला ढग सिद्धेश्वरच्या धरणावर हरवला, गोष्टीतला वाघ आमच्या गावात शिरला. मी नुसता फुगून गेलो होतो.

ती वाघाची बातमी खिचडी शिजवणाऱ्या नीलाबाईंनी वाचली आणि गावभर केली. दोन दिवस कुणी शेतात गेलं नाही. खरं कळल्यावर गावकरी शाळेवर चालून आले. तेव्हापासून माझ्या डोक्यावर पाटी आहे, 'येथील सर्व बातम्या काल्पनिक आहेत.'

या सोमवारी सातवीतली कोमल आली. मेंढरं राखणाऱ्या मसाजींची लेक. तिने कागद टाचला, 'सातवीतल्या मुलीचे लग्न ठरले. येत्या रविवारी, कळमनुरीला. मुलीला शिकायचे आहे.' मग माझ्यापाशीच पुटपुटली, "बापूनं आईची शपथ घातली, कुनाला बोलायचं न्हाई. मी बोलले न्हाई, लिहिलं."

अगं बाई माझे, लिहिलंस ते कुठे लिहिलंस.

मॅडमनी वाचलं. त्या आठवड्याचा धडाही नेमका बालविवाहावरचा. "किती खरं वाटतंय गं," म्हणाल्या, आणि कागदावर लाल तारा काढला. कोमल त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. शपथ होती, काय बोलणार? मला हात असते तर ती पाटी उपटून फेकली असती.

बुधवारपासून ती शाळेत नाही. मॅडमनी चौकशी केली तर नीलाबाई म्हणाल्या, "मेंढरामागं गेली असंल. तुमी काहून काळजी करून राहिल्या?" तेवढ्यात घंटा झाली, आणि विषय तिथेच राहिला.

आज शनिवार, सकाळची शाळा. सुटताना मॅडमनी कोमलच्या कागदाची टाचणी काढली. "जिल्ह्याच्या स्पर्धेला पाठवते," नीलाबाईंना म्हणाल्या. "बक्षीस नक्की आहे. सोमवारी आली की सांगते तिला."

मॅडम, पाया पडतो तुमच्या, त्या कागदाची घडी घालू नका. तशाच मसाजींच्या घरी जा. सोमवारी ती येणार नाही.