कोऱ्या प्लेटची साक्ष

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेच्या उबदार कपाटातून जंतू उगवून पाहायच्या दोन प्लेट्स बाहेर आल्या. दोन्ही कोऱ्या होत्या. विभागप्रमुखांना त्यांतली एकच ठाऊक होती. दुसरी त्यांच्या सहकारी संशोधक बाईंनी आदल्या दिवशी कोणाला न विचारता लावली होती.

"एकही ठिपका नाही!" प्रमुख म्हणाले. "सगळे जंतू मेले. कळवा ऑपरेशन थिएटरला."

कल्पना प्रमुखांची होती आणि, हे मान्यच केले पाहिजे, उत्तम होती. मेलेल्या जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे जेलमध्ये मिसळून न जुळणाऱ्या हाडाशी ठेवले, की शत्रू आला असे समजून शरीर खडबडून जागे होते आणि त्या धांदलीत हाड बांधू लागते. अट एकच : शत्रू मेलेला हवा. मारायला फॉर्मॅलिन होते. मेले की नाही हे पाहण्यासाठी जेलचा थेंब प्लेटवर पसरायचा. कोणी जिवंत असेल तर उगवेल. तत्पूर्वी जेल धुऊन त्यातले फॉर्मॅलिन काढून टाकायचे असते. प्रमुखांनी ते धुणे बंद केले होते, कारण त्यात निम्मे तुकडे वाहून जात आणि उरलेले सभेत मिरवण्याजोगे नसत.

पहिला रुग्ण बाईंचा थोरला भाऊ होता. मचाणावरून पडून मोडलेली त्याची नडगी वारंवार शस्त्रक्रिया करूनही जुळली नव्हती. आता याने जुळली नाही, तर पाय कापायचा होता.

"सर, ही दुसरी पाहा. हिच्यावर जेलच्या थेंबाबरोबर मी जिवंत जंतू पेरले होते. मुद्दाम."

प्रमुखांनी प्लेट उजेडात धरली. "मग?"

"तेही उगवले नाहीत. थेंबातलं फॉर्मॅलिन त्यांना प्लेटवरही दाबून ठेवतंय. म्हणजे तुमची प्लेट कोरी आहे ती जंतू मेले म्हणून की दबलेत म्हणून, हे सांगताच येत नाही. शरीरात फॉर्मॅलिन विरून जाईल. दबलेले असले, तर उठतील."

"बहिणीची माया घरी ठेवून येत जा, बाई."

"मायेनं जंतू उगवत नाहीत, सर. धुतलेला थेंब आत्ता लावते. उद्या सकाळी कळेल."

"ऑपरेशन पाहायला आलेले पाहुणे बाहेर बसलेत. त्यांना काय दाखवू, तुमची शंका?" प्रमुखांनी जेलची कुपी उचलली. विद्वत्तेच्या या प्रकाराचे वर्णन ग्रंथांत फारसे आढळत नाही : प्रश्न ऐकू येतो, परंतु विचारणाऱ्याचा हुद्दा त्याआधी ऐकू येतो.

थेंब धुऊन, प्लेटवर पसरून बाई जिना उतरल्या, तेव्हा भावाचे स्ट्रेचर थिएटरच्या दाराशी पोहोचले होते.

"आलीस, शहाणे? तोंड का सुतकी? पाय माझा आहे."

"दादा, आज नको म्हण."

त्याचे हसू मावळले. "आणि तू चुकलीस तर?"

"तर माझी नोकरी जाईल आणि तू परवा टेबलावर असशील. पण सर चुकले, तर पाय कापूनही भागायचं नाही."

मागून प्रमुख आले. त्यांनी कुपी सर्जनकडे दिली. सर्जनने ती घेतली.

"डॉक्टर," भाऊ म्हणाला, "संमतीवर सही माझी आहे ना? ती मी परत घेतो. उद्यापर्यंत."

"तुम्हाला यातलं काय कळतं हो?" प्रमुख कडाडले.

"जंतूंतलं ओ की ठो कळत नाही, साहेब. हिच्यातलं कळतं. ही उगाच घाबरलेली मी अजून पाहिली नाही."

सर्जनने कुपी ट्रेमध्ये ठेवली आणि हातमोजे उतरवले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी कपाट उघडले तेव्हा प्रमुख मागे उभे होते आणि भाऊ चाकाच्या खुर्चीत. प्लेटवर पिवळसर ठिपक्यांचा पुंजका उगवला होता.

"बाहेरून आले असतील," प्रमुख म्हणाले. "धुताना."

बाईंनी शेजारची प्लेट पुढे केली. "धुण्याचं पाणी वेगळं लावलं होतं. ते कोरं आहे."

प्रमुखांनी काठावर लिहिलेली खूण पाहिली, झाकण उलटून पुन्हा पाहिली, आणि स्टुलावर बसले.

"हे माझ्या पायात जाणार होते?" भावाने विचारले.

"हो."

त्याने खुर्ची स्टुलाकडे वळवली. मग प्रमुखांना म्हणाला, "पुन्हा मारा, साहेब. या वेळी नीट मारा, आणि धुवा. मी थांबतो. मोडका पाय आहे, पळून कुठे जातोय?"