न झोंबणारं औषध

सातपूरच्या एका लहानशा औषध कारखान्यात दीपमाला तीन वर्षं पायाला लावायच्या एकाच जेलच्या मागे लागली होती. भाताच्या आवणीत रोपं लावताना दिवसदिवस चिखलात उभं राहून बायकांच्या पायाच्या बोटांमधल्या बेचक्यांत बुरशी धरते, कातडं फुटतं. त्या चिखल्यांवरचं हे औषध. पण जेल फार झोंबायचं, आणि स्पिरिट कमी केलं की त्याचं पाणी व्हायचं. प्रत्येक घाणा ती आधी स्वतःच्या खरवडलेल्या मनगटावर लावून बघे. ते मनगट इतकं सोलवटलं होतं, की सासूबाईंनी ‘कुठे भाजलं?’ विचारायचंही सोडलं होतं.

एकोणचाळिसावा घाणा झोंबला नाही. आनंद व्हायला हवा होता, पण तिला नुसती झोप आली.

घोटीच्या एका दवाखान्यातून चाळीसजणींना नळ्या वाटल्या. कारखान्याच्या साहेबांनी बजावलं, “या हंगामात गुण दिसला तर ठीक, नाहीतर हे काम बंद.”

पंधरा दिवसांनी ती बघायला गेली. ओटीवर बसलेल्या भागीबाईच्या बेचक्या तशाच लाल, ओल्या.

“लावलं नाही का?”

“दोन दिस लावलं बाई.” तिला दीपमाला दवाखान्यातली नर्स वाटत होती. तिने भरलेली नळी पुढे केली. “पण ते झोंबतच नाय. झोंबल्याबिगर औशीद आत गेलं कसं कळायचं? नुसतं मलम दिलं तुमी.”

बाकीच्या घरांतही हेच. सगळ्यांनी दुकानातलं जळजळीत औषध आणलं होतं.

घोटीच्या स्टँडवर दोन बस सुटून गेल्या तरी दीपमाला बाकावरून उठली नाही. रडायचंही जिवावर आलं होतं. राग तरी कुणावर काढायचा?

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या हातापाया पडून तिने महिनाभराची मुदत मागितली. औषध तेच ठेवलं, फक्त चिमूटभर मेंथॉल घातलं. मनगटावर लावलं. झोंबलं.

नव्या नळ्या गेल्या. महिन्याने भागीबाईने हौसेने पाय पुढे केले. बेचक्या कोरड्या, कातडं धरलेलं. इतर ओट्यांवरही तसेच पाय. काम वाचलं होतं.

“हे खरं औशीद!” भागीबाई म्हणाली. “लावलं का मस्तकात जातं. पयलं ज्यानं बनवलं ना बाई, त्याला काय बी कळत नव्हतं.”

दीपमालाने बाही ओढून मनगट झाकलं.

“नव्हतंच कळत,” ती म्हणाली, आणि पुढच्या घराकडे निघाली.