जिवंतपणी मेलेल्यांचा एकतारा

मित्रांनो, मी एक जुना, फुटका एकतारा आहे. माझ्याकडे बघून हसू नका. पोट अर्धंच उरलंय, तार केव्हाच गेली, तरी बोलायची खोड काही जात नाही.

माझा जन्म सुरीने झाला. गोराई नदीकाठच्या आखड्यात, म्हणजे गाणाऱ्या फकिरांच्या मठीत, मोजाहार फकिराने वेलीवरचा भोपळा कापला, गर ओरबाडून काढला आणि मला उन्हात टाकलं. मग बकरीचं कातडं ताणून पोटाला चिकटवलं, बांबू चिरून वर बसवला आणि मधून तार ओढली. त्याची बायको रहिमोन पंथाच्या रीतीप्रमाणे त्याला साधूच म्हणायची. ती म्हणाली, "साधू, किती छळता बिचाऱ्याला!" तो म्हणाला, "छळल्याशिवाय कुणी गातं का?" तेव्हा मला हे वाक्य फार आवडलं होतं. आता नाही आवडत.

त्या दोघांनी गुरूच्या हातून कफन घेतलं होतं. डोळ्यांवर पट्टी बांधून, प्रेताला गुंडाळतात तसं पांढरं कापड नेसवून त्यांना सगळ्या साधूंसमोर फिरवलं होतं. कफन नेसलं की माणूस जिवंतपणीच मेला. मग मूलबाळ नाही, घरदार नाही, मरणाची भीतीही नाही. उरतं ते फक्त गाणं. वीस वर्षं मोजाहारच्या तर्जनीने मला हाटात, जत्रेत, नावेत गायला लावलं. लोक डोळे पुसायचे आणि मी फुशारून जायचो.

फाल्गुनातल्या एका दुपारी साधूंच्या मेळ्यासाठी चुलीवर खिचडी रटरटत होती. तेवढ्यात तंबाखूच्या भट्टीचा मालक, गावचा मातब्बर कोब्बाद, अकरा जणांना घेऊन अंगणात घुसला. फकिरांचं गाणं म्हणजे धर्म बुडवणं, असं तो गावभर सांगत फिरायचा. त्यातल्या तिघांना आमच्याकडे पोटभर जेवताना मी पाहिलं होतं. पहिली लाथ चुलीवरच्या हंड्याला बसली.

"काय रे फकिरा, मेलेला माणूस खिचडी कसा खातो?" कोब्बादने विचारलं.

"आणि मेलेल्याला मारायला अकरा जण लागतात होय?" मोजाहार म्हणाला.

हे बोलायला नको होतं. काठी त्याच्या तोंडावर बसली, दोन दात धुळीत पडले. दोघांनी हात पिरगाळले, तिसऱ्याने बकऱ्याचे केस कापायच्या कातरीने त्याची जटा आणि दाढी भादरली. कातर टाळूत घुसली, कफन लाल झालं. रहिमोन मध्ये पडली, तर तिला केसांना धरून फरफटत तुळईच्या खांबावर आपटलं.

कोब्बादने मला मोजाहारच्या पायापुढे फेकलं. "फोड. तौबा कर. म्हण, आजपासून गाणं बंद."

"नाही फोडणार."

त्याची तर्जनी उंबऱ्यावर ठेवून काठीने ठेचली. आवाज झाला तो मी अजून विसरलो नाही. मोजाहार किंचाळला, पण होकाराची मान हलवली नाही. मग दुसरं बोट. मग काठी डोक्यावर उगारली गेली.

"मी फोडते!" रहिमोन ओरडली. "मी फोडते, त्याला सोडा!"

"हात लावू नकोस, रहिमोन!"

तिने ऐकलं नाही. मला दोन्ही हातांनी उचललं आणि दगडावर आपटलं. एकदा नाही, तीनदा. मित्रांनो, माझं कातडं फाटलं तेव्हा तिच्या तोंडून जो हुंदका आला, तसा सूर मला वीस वर्षांत जमला नव्हता. ते लोक हसले आणि शिव्या घालत निघून गेले.

मोजाहार तिच्याशी बोलेना. एकदाच म्हणाला, "मेलेल्याला वाचवायला जिवंत वाद्य मारलंस? कफन नेसून काय शिकलीस?" टाळूची जखम चिघळली, ताप चढला. ती जखम धुवायची, त्याच्या तुटक्या बोटांना बांबूच्या कामट्या बांधायची, तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. त्या दिवशीच्या लाथांनी भांडी चेपली होती, म्हणून माझ्या उरल्यासुरल्या पोटातच ती पेज ओतायची. तिच्या हातची पेज तो अर्धी टाकून द्यायचा. मीही तिच्यावर रुसलो होतो, खोटं कशाला सांगू?

पंधरवड्यानंतर एका सकाळी त्याने पेज शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली आणि मला मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "रहिमोन, काठी डोक्यावर आली तेव्हा मी घाबरलो होतो गं."

ती त्याच्या बोटांवरच्या कामट्यांची गाठ घट्ट करत होती.

"गुरूला सांगू नकोस. मला मरायचं नव्हतं. तू फोडलंस, तेव्हा मला बरं वाटलं. म्हणूनच इतका राग आला तुझा."

"मला ठाऊक होतं, साधू," ती म्हणाली. "तुमचे पाय कापत होते."

तो रडायला लागला आणि मग दोघंही हसायला लागली. माझा रुसवा तिथेच गेला.

मित्रांनो, वाद्यं जपा. कुणी फोडायला आलं तर आडवे या. पण एका पारड्यात आम्ही आणि दुसऱ्यात माणूस असेल, तर विचार करत बसू नका. आम्हाला दगडावर आपटा. जोरात आपटा, म्हणजे एकदाच दुखतं.