चेटकिणीच्या तोंडचं वाक्य

बिश्केकच्या त्या स्टुडिओत बुरुलचं सकाळपासून माइकसमोर चेटकिणीचं हसणं, खोकणं, किंकाळ्या असं सगळं देऊन झालं होतं. मोबाइलवरच्या एका गेमचं काम होतं. शेवटचं वाक्य उरलं होतं: खेळणारा चेटकिणीला मारतो आणि ती मरता मरता शाप देते.

कागदावर शाप असा होता: ‘माझा हात नव्हे, उमाई आईचा हात.’

बुरुलने हेडफोन काढले. "हे मी म्हणणार नाही."

काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला, "का एजे, घसा बसला?" वयाने मोठ्या बाईला तिथे एजे, म्हणजे ताई, म्हणतात.

"घसा ठणठणीत आहे. हा शाप नाही रे. उमाई आईने राखावं म्हणून बाळाला पाळण्यात ठेवताना म्हणतात हे. माझी आई आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवून हेच म्हणायची."

"जुन्या रेकॉर्डिंगमध्ये सापडलं. ऐकायला भयंकर वाटतं. आणि खेळणारे परदेशातले, त्यांना काय कळतंय!"

"शापच हवा ना? माझ्या सासूला बोलाव. चहा गार मिळाला की अखंड देते."

ध्वनिमुद्रक फिसकन हसला. दिग्दर्शक हसला नाही.

"चेटकिणीच्या ओठांची हालचाल याच वाक्यावर बेतलीय. म्हणा, नाहीतर भूमिका गेली."

ऑफिसात सगळे दिग्दर्शकाला टॉक म्हणत. बुरुलने पूर्ण नाव घेतलं.

"तोक्तोसून. ‘हा तरी राहो’ म्हणून ठेवतात हे नाव. तुझ्याआधीची भावंडं गेली ना?"

तो कागद चाळू लागला.

"मग तुझ्या आईने मंत्र म्हणून बरं करणाऱ्या अशाच एखाद्या बाईला घरी बोलावलं असणार. तुझ्यावर हात ठेवून ती काय म्हणाली, आईला फोन करून विचार. आणि मग त्या बाईला मारल्याचे गुण वाट पोरांना."

"घरचं इथे आणू नका, एजे."

"मी कुठे आणलं? तूच आणलंस, छापून."

ती माइकजवळ गेली आणि ते वाक्य आईसारखं म्हणाली, झोपलेलं मूल उठणार नाही अशा बेताने.

"असं म्हणतात ते. आता यावर मारून दाखव."

"हे चालणार नाही."

"मग मीही नाही." तिने कोट उचलला.

गेम बाजारात आला तेव्हा चेटकिणीचा आवाज दुसऱ्याच बाईचा होता. मरताना मात्र तिचे ओठ नुसतेच हलत होते, शब्द नव्हते.

बुरुलने ते पाहिलं आणि तोक्तोसूनला फोन लावला.

"वाक्य काढलंस, बरं केलंस. आता तिला मारणंही काढ."