धोंड्याचे सव्वीस दिवस

"टायफॉइड लिहू," भोजराज वकील म्हणाले. "डॉक्टर ओळखीचा आहे. महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या, असं सर्टिफिकेट आणतो. कोर्ट उशीर माफ करतं."

"अंथरुनाले?" देवकाबाई खवळली. "धानाचा सारा रोवणा मी चिखलात कमरेत वाकून केला, गावानं पाह्यलं. अन् आता कागदावर बिमार पडू? मी नाई झूट बोलत!"

घ्या! आता हिला कोण समजावणार? सानगडीच्या तलावाखालच्या धानशेतीच्या तीन बांध्या बापामागं हिच्याकडे आलेल्या. चुलतभाऊ भैय्यालालनं 'काकानं मलाच लिहून दिल्या' म्हणत कुठला तरी कागद काढला आणि खालच्या कोर्टात दावा जिंकलासुद्धा. निकाल लागला सत्याहत्तर साली, आषाढ वद्य एकादशीला. "एका महिन्यात अपील करा," वकिलांनी सांगितलं होतं. बाईनं महिना बोटांवर मोजला. मध्ये अधिक श्रावण आला, म्हणजे धोंड्याचा महिना. तो तिनं सोडून दिला आणि निज श्रावणातल्या वद्य एकादशीच्या दोन दिवस आधीच ऐटीत वकिलांच्या दारात हजर! तोवर मुदत संपून सव्वीस दिवस झाले होते. हा उशीर माफ झाला नाही तर अपील दारातच मेलं आणि बांध्या गेल्या.

"महिना म्हणजे तीस दिवस हो, बाई!"

"मंग तीस दिवस म्हना लागत होतं. धोंडा कोन मोजते?"

शेवटी वकिलांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून खरं तेच अर्जात लिहिलं. पोळ्यानंतर भैय्यालालला मिळणारा कब्जा तेवढा त्यांनी सुनावणीपर्यंत थांबवून घेतला.

दिवाळीच्या तोंडावर भंडाऱ्याला सुनावणी लागली. भैय्यालालचे वकील रंगात होते.

"साहेब, कायदा पंचांग बघत नाही. याच धोंड्याच्या महिन्यात बाईंनी रोवणा केला. रोवण्याला धोंडा चालतो, अपिलालाच तेवढा चालत नाही?"

कोर्ट हसलं. सगळ्यात मोठ्यानं भैय्यालाल हसला. देवकाबाईच्या अंगाचा नुसता भडका उडाला.

"बाई, काही सांगायचंय?" जज्जसाहेबांनी विचारलं.

भोजराज वकील हातानं गप गप म्हणत होते, पण ती पुढं झालीच.

"सायेब, धानाच्या रोपाचे पऱ्हे धोंड्याच्या आधीच टाकले होते. चालू काम धोंड्यात थांबत नाई, नवं काम सुरू होत नाई. अन् अपील मी जिंदगीत पहिल्यांदा करून राहिली. पन मले कायले इचारता? याले इचारा!" तिनं भैय्यालालकडे बोट केलं. "धोंडा सरत आला तवा कोर्टाचा बेलिफ याले कब्जा द्याले माह्या बांधीवर आला. मी चिखलात उभी, हा कोरड्या धुऱ्यावर. अन् हा काय बोलला? 'धोंड्यात आमी जमीन हाती घेत नाई, पोळा झाल्यावर या.' बेलिफानं लिहून नेलं. याची सही हाये त्याच्यावर!"

भैय्यालालचं हसू जागच्या जागी वाळलं. जज्जसाहेबांनी कागद मागवला, वाचला.

"ही सही तुमची?"

"हो सायेब, पन... ते आमची रीत हाये..."

"तेच तं!" देवकाबाई कडाडली. "रीत तुही अन् माही येकच. तुह्या कब्ज्याले धोंडा लागते, अन् माह्या अपिलाले काहून नाई?"

साहेबांनी समोरच्या वकिलांकडे पाहिलं. मग ते लेखनिकाकडे वळले.

"उशीर माफ," साहेब म्हणाले. "अपील दाखल करून घ्या. निकालापर्यंत कब्जा बाईंकडेच राहील."

बाहेर भोजराज वकिलांनी तिला हात जोडले आणि खरी लढाई पुढंच आहे, असंही बजावलं. ती ऐकतच नव्हती. भैय्यालाल खाली मान घालून निघाला होता.

"भैय्यालाल!" तिनं मागून आवाज दिला. "दिवाळी झाली का धान कापाचं हाये. विळा घेऊन येजो. गावात चालते ते रोजी देईन तुले."