अजून दोन-तीन आठवडे

हॉस्पिटलमधली नोकरी सोडली त्या दिवशी घरी येऊन चप्पल काढायच्या आतच तिने जाहीर करून टाकलं, “आजपासून माझी साहेब मीच!”

नवरा दोरीवर कपडे वाळत घालत होता. तो म्हणाला, “अरे वा! साहेबांनी आज लवकर सोडलेलं दिसतंय.”

दोघंही पोट धरून हसले. पुढच्या वर्षभरात तसं हसायचा योग फारसा आला नाही.

बारा वर्षं तिने हॉस्पिटलच्या तळघरातल्या खोलीत लोकांचे सांधे हलते केले होते. कुणाचा आखडलेला खांदा, कुणाचा ऑपरेशन झालेला गुडघा, कुणाची धरलेली कंबर. आता तेच काम ती घरोघरी जाऊन करू लागली. पाठीवर पिशवी, पिशवीत रबरी पट्टे, दोन चेंडू आणि सांधा किती वाकतो ते मोजायची पट्टी. एका इमारतीतल्या पोरांनी तिला ‘व्यायामबाई’ म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता मोठेही तेच म्हणू लागले.

पहिले काही महिने ‘नाही’ हा शब्द ती विसरूनच गेली होती. सकाळी सातला शहराच्या या टोकाला, आठला त्या टोकाला. जेवताना फोन आला तरी उष्ट्या हाताने उचलायची. “तुझ्या पायाला भिंगरी लागलीय,” नवरा म्हणायचा. ती म्हणायची, “लागू दे. सुरुवात आहे.”

तिची एक वही होती. प्रत्येक पानावर पेन्सिलीने तासांचे चौकोन आखलेले आणि चौकोनात पेशंटची नावं. भरलेलं पान पाहिलं की थकवा यायचा आणि रिकामा चौकोन दिसला की धाकधूक. हॉस्पिटलात एखादा पेशंट आपल्या पायांनी चालत गेला की तिचा दिवस छान जायचा; बाहेरच्या बाकावर पुढचा बसलेला असायचाच. आता मात्र बरा झालेला प्रत्येक माणूस तिच्या वहीतूनही चालता व्हायचा. कुणी हसत म्हणालं, “बाई, आज मी खाली बसून उठलो!” की ती “शाब्बास” म्हणायची, आणि त्याच वेळी मनात पुढच्या आठवड्याचा पांढरा चौकोन दिसायचा. हे स्वतःबद्दल कळलं तेव्हा तिला ते आवडलं नाही. पण कळलं म्हणून ते थांबलंही नाही.

अशातच ड्रायव्हरकाका आले. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेला माणूस, गुडघा बदललेला. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत मुलगा-सुनेकडे राहायचा. मुलगा कामानिमित्त बाहेरगावी असे, म्हणून सगळं सुनेवर. ती घरातूनच काम करायची. कानाला हेडफोन, समोर लॅपटॉप, आणि एक डोळा सासऱ्यांच्या खोलीकडे.

काकांना गप्पांचा भारी नाद. गुडघा वाकवायला घेतला की विचारायचे, “आज कितव्या गिअरपर्यंत न्यायचं?” दुखलं की जुन्या थांब्यांची नावं घेत बसायचे, आणि शेवटचा थांबा आला की, “उतरा, गाडी पुढे जाणार नाही!”

आठ आठवड्यांत गुडघा असा वाकू लागला की तिने मोजपट्टी दोनदा लावून पाहिली. जिनाही चढून-उतरून झाला. त्याच आठवड्यात तिचे आणखी दोन पेशंट बरे होऊन मोकळे झाले होते. दारात सुनेने विचारलं, “मॅडम, अजून किती दिवस लागतील?”

‘झालं आता, काही गरज नाही,’ हे वाक्य तिच्या जिभेवर तयार होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच. “अजून दोन-तीन आठवडे करू या. घाई नको. तोवर काठीही असू दे.”

आत पलंगावर बसलेल्या काकांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

जिना उतरताना तिने स्वतःची समजूत घातली. मांडीत अजून ताकद यायला हवी. जास्तीच्या व्यायामाने कुणाचं वाईट झालंय? पण पुढच्या भेटींमध्ये त्या तासाचं करायचं काय ते तिला कळेना. तेच तेच व्यायाम, पुन्हा दहा वेळा, पुन्हा दहा वेळा. नजर सारखी घड्याळाकडे. काकांच्या थांब्यांची नावंही बंद पडली. ते मुकाट्याने पाय उचलत आणि ती निघाली की काठी टेकत दारापर्यंत येत.

असे तीन आठवडे गेले. चौथ्या आठवड्यात मंगळवारी एका पेशंटने ऐनवेळी नको म्हणून कळवलं आणि ती भर सकाळी मोकळी झाली. भाजीच्या गाड्यांमधून जाताना पुढे एक माणूस दिसला. दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या, आणि चाल अशी की लोकांना ओलांडून पुढे जात होता. खोदलेल्या चरावरून त्याने टुणकन उडी मारली. चेहरा वळला तेव्हा ती जागच्या जागी थांबली.

“काका?”

ड्रायव्हरकाका वळले. मधल्या थांब्यावर तपासनीस चढावा तसा त्यांचा चेहरा झाला.

“सुनेला सांगू नका हं,” ते पहिल्यांदा हेच म्हणाले. “ती खालच्या दुकानात सामान सांगून ठेवते, मी तिथेच बसून वाट बघतो असं तिला वाटतं.”

“पण परवाच तुम्ही माझ्यासमोर लंगडत होता!”

काकांनी पिशव्या खाली ठेवल्या. “ताई, तुम्ही सांगितलंत ना, अजून दोन-तीन आठवडे. आता मी तिच्यासमोर असा धावत सुटलो तर ती म्हणेल, या बाईला काही कळत नाही. नाहीतर दुसरंच काहीतरी म्हणेल. त्यापेक्षा घरात जरा लंगडतो. माझं काय जातंय?”

तिचे कान तापले. “म्हणजे तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?”

“बस रिकामी असली की कंडक्टर कसा दारात लटकून हाका मारतो, ते चौतीस वर्षं पाहिलंय मी. मला राग नाही आला हो.”

“आला असता तर बरं झालं असतं.”

“फक्त एकच झालंय,” काका ओशाळून म्हणाले, “सोंग करता करता या बाजूची कंबर भरून यायला लागलीय.”

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तिथेच, एका बंद दुकानाच्या पायरीवर त्यांना बसवलं आणि कमरेवर बोटं दाबून पाहिली. चांगल्या बाजूला गाठीसारखा ताण आला होता. वाकडं चालून येतो तसाच.

घरी गेल्यावर तिला बसवेना. स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत, खिडकीतून परत. नवऱ्याने सगळं ऐकून विचारलं, “परत हॉस्पिटलात विचारून बघायचं का?”

“नाही.”

“मग काय करणार आहेस?”

“ते माहीत असतं तर अशा येरझारा घातल्या असत्या का?”

पण बोलता बोलताच तिने पाठीवर पिशवी अडकवली होती.

सुनेने दार उघडलं. “आज तुमचा वार नाही ना?”

“नाही. तुम्हाला एक सांगायचंय. काका बरे आहेत. मी दोन-तीन आठवडे म्हणाले ना, तेव्हाच बरे होते.”

सुनेने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. “मग तेव्हा सांगितलं का नाही?”

“माझी वही रिकामी होत होती म्हणून.”

सुनेने लॅपटॉप मिटला. म्हणाली, “मी रोज त्यांचं ताट आत नेऊन देते. जिन्यात धप्प झालं की मीटिंग अर्धी टाकून धावते. कळतंय का तुम्हाला?”

“कळतंय.”

एवढ्यात आतून काठीची टकटक आली. काका लंगडत बाहेर आले, दोघींचे चेहरे पाहिले, काठी भिंतीला टेकवली आणि सरळ चालत जाऊन खुर्चीत बसले. “बाबा, तुम्हीसुद्धा!” सून किंचाळलीच. व्यायामबाईने त्या जास्तीच्या भेटींचे पैसे टेबलावर ठेवले. सुनेने ते घेतले. नको वगैरे म्हणाली नाही. काकांना कमरेचे दोन व्यायाम व्यायामबाईने उभ्या उभ्याच शिकवले आणि ती निघाली. दारापर्यंत सोडायला कुणी आलं नाही.

त्या इमारतीतली दोन माणसं तिला बोलावणार होती. त्यांचे फोन आले नाहीत. पाच-सहा आठवडे वहीत भोकंच भोकं. त्या तासांत ती रबरी पट्टे धुवायची, वाळल्यावर पुन्हा धुवायची. एकदा नवरा म्हणाला, “आता मला धुऊन टाक.”

मग तिने एक पद्धत ठरवली. नवा पेशंट आला की पहिल्याच दिवशी तपासून भेटींचा आकडा सांगायचा आणि वहीत सगळ्यात आधी शेवटच्या भेटीची तारीख लिहायची. गरज पडली तर आकडा वाढेल, पण का वाढला ते घरच्यांसमोर सांगून. हे सगळ्यांना रुचलं असं नाही. एक गृहस्थ म्हणाले, “दुसरे लोक तीन महिने म्हणतात, तुम्ही दहा वेळा म्हणता. तुमचा कोर्स हलका आहे की काय?” आणि त्यांनी दुसऱ्यालाच बोलावलं. काही जण राहिले. त्यांच्याकडून आणखी दोघं-चौघं आले.

जीव शांत झाला असं मात्र झालं नाही. वर्षभर तिला वाटत होतं, जम बसला की ही धाकधूक जाईल. वर्ष भरलं त्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं, धाकधूक कुठेच जात नाही. तिला शेजारी बसवून काम करायचं, एवढंच. फक्त तिला तोंड उघडू द्यायचं नाही.

त्याच आठवड्यात खांदा आखडलेल्या एका शिंपीणबाईंची शेवटची भेट होती. त्यांनी हात वर केला, वरच्या फळीवरचा बटणांचा डबा स्वतः काढून दाखवला, आणि काढता काढता अर्धी बटणं जमिनीवर सांडली. दोघी हसत वेचायला बसल्या.

“अजून चार-पाच वेळा याल का हो?” शिंपीणबाई म्हणाल्या. “तुम्ही आलात की मला धीर असतो.”

वहीत पुढच्या आठवड्याच्या या तासाला काहीही नव्हतं. तिने हातातली बटणं डब्यात टाकली.

“खांद्याला माझी गरज नाही आता. पुन्हा दुखलं तर फोन करा, लगेच येते.”

खाली रस्त्यावर आली तेव्हा अकरा वाजले होते आणि दोन वाजेपर्यंत तिला कुठेही जायचं नव्हतं. तिने फोन पाहिला. पुन्हा पाहिला. मग नवऱ्याला लावला.

“मी मोकळी आहे.”

“घाबरलीस?”

“हो.”

“घरी येतेस?”

“नको. जरा चालते,” ती म्हणाली, आणि वाहनं जाऊ देऊन झपाझप रस्ता ओलांडून गेली.